श्रद्धा, शाळा आणि सार्वजनिक जीवन: मराठी पुरोगामी ख्रिस्ती विचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं कोण देतंय?

मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, वाढलो आणि शाळेत शिकवतो. हे प्रश्न मला शिक्षकखोलीत, लग्नघरी, उपासनेनंतर चर्चच्या आवारात आणि पालकांच्या बैठकीत ऐकायला मिळतात. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती असतात आणि नसलेलेही. उत्तरं माझी आहेत. कुठल्याही डायोसिसची किंवा धर्मप्रांताची ही अधिकृत भूमिका नव्हे. आमच्यातल्याच पुष्कळांना यातली काही उत्तरं पटणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

पुरोगामी ख्रिस्ती म्हणजे नेमकं कोण?

येशूला प्रभू मानणारा, पण त्याच्या नावाने चालणारी प्रत्येक रूढी, प्रत्येक सत्ता आणि शास्त्राचा लावला जाणारा प्रत्येक अर्थ तपासून घेणारा माणूस. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, शिष्यांनी कणसं मोडली म्हणून परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे लोक, रागावले, तेव्हा येशू म्हणाला, "शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही." मार्काच्या शुभवर्तमानातलं हे वाक्य मी सगळ्या धार्मिक नियमांना लावून बघतो. ज्याने माणूस दबतो तो नियम देवाचा आहे का, असं विचारायची मुभा मला त्याच वाक्याने दिली.

हा विचार परदेशातून अलीकडे आला, अशी अनेकांची समजूत असते. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या काळात तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. चर्चचा अधिकार कुठवर, बिशपांचं म्हणणं का मानायचं, त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही, शिकवण शास्त्रात कुठे आहे, सगळं त्यांनी विचारलं. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. ज्यांच्या आधाराने त्या परक्या देशात राहत होत्या, शिकत होत्या, त्यांनाच हे लिहिलं. त्या प्रश्नांमुळे त्यांची श्रद्धा मोडली नाही. पुढची जवळपास चाळीस वर्षं, त्यातली शेवटची पंचवीसेक केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, ती त्यांनी जगून दाखवली.

बायबल तुम्ही शब्दशः खरं मानता का? मग उत्क्रांतीचं काय?

मानत नाही. बायबलमध्ये काव्य आहे, कायदा आहे, पत्रं आहेत, विलाप आहे, दृष्टांत आहेत. येशूच्या दृष्टांतात जखमी परक्याला मदत करणारा चांगला शोमरोनी प्रत्यक्ष होऊन गेला का, असं कुणी विचारत नाही, तरी त्या गोष्टीतलं सत्य कमी होत नाही. उत्पत्तीचे पहिले अध्याय मी तसेच वाचतो. ते सांगतात की सृष्टी चांगली आहे आणि प्रत्येक माणूस, स्त्री आणि पुरुष, देवाच्या प्रतिरूपाचा आहे. जीवाश्मांचं वय सांगणं हे त्यांचं काम नाही.

विश्वाची सुरुवात एका अतिघन बिंदूपासून झाली, हा विचार पुढे आणणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला चर्चची आडकाठी नसल्याचं सांगितलं. तरीही आमच्या काही मंडळ्यांत आज मुलांना डार्विन म्हणजे नास्तिकपणा असं शिकवलं जातं आणि विज्ञानाच्या तासाला ती मुलं गोंधळतात. मी दोन्हीकडे शिकवतो, म्हणून हे जवळून पाहतो. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा ख्रिस्ती शाळांनी पुढे येऊन विरोध करायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. मुलाच्या बुद्धीपासून सत्य लपवणं हा देवाचा मान नाही.

ख्रिस्ती धर्म परक्यांचा. मराठी माणूस त्यात कसा?

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. बाबा पदमनजींची यमुनापर्यटन ही कादंबरी १८५७ची, मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांतली, आणि तिचा विषय विधवांचं दुःख. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांचे अभंग आणि भजनं आजही नगर, सातारा, पुणे, मुंबईच्या मंडळ्यांत टाळ-पेटीवर म्हटली जातात. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांशिवाय मराठी गद्याचा इतिहास लिहिता येत नाही.

याच इतिहासाचा दुसरा भागही सांगायला हवा. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. देवळं पाडली गेली, लोकांच्या चालीरीतींवर बंदी आली, १६८४च्या फर्मानाने लोकांच्या बोलीवरही घाला घातला. स्टीफन्सने मराठीची थोरवी गायली त्याच भूमीवर हे घडलं. ते पोर्तुगीज राज्याने केलं, चर्चचा त्यात हात नव्हता, असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. चर्च त्यात सामील होतं. येशूच्या नावाने झालेल्या जुलमाबद्दल पश्चात्ताप करणं हा आमच्या श्रद्धेचाच भाग आहे, आणि तो आडपडदा न ठेवता करायला हवा.

मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या बाटवण्यासाठीच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि एका शब्दात त्याचं उत्तर देता येत नाही.

मिशनरी आले ते सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला. शाळेतून लोक ख्रिस्ताकडे येतील ही आशा त्यांनी लपवून ठेवली नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरचं ठाणं सुरू झालं. १८४२ साली नगरहून ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं. त्याच्या जुन्या अंकांत हिंदू धर्मावरची टीका आहे आणि विज्ञान, भूगोल, स्त्रीशिक्षण यांवरचे लेखही आहेत. काही टीका अभ्यासून केलेली आहे, काही अहंकाराने. ती वाचताना मला आजही खटकते.

पण त्या शाळांचं दार कुणासाठी उघडलं तेही पाहावं लागतं. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईला आली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. जोतीराव फुल्यांनी नगरला मित्राकडे गेले असताना मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्यातून आपल्याला प्रेरणा मिळाली, असं स्वतः सांगितलं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतलं, असं चरित्रकार नोंदवतात. स्वतः जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. कुणी त्यांना तशी अट घातली नव्हती, आणि घातली असती तरी त्यांनी ती मानली नसती. त्यांनी शाळेतून घेतलं ते ज्ञान आणि माणसामाणसांत भेद न करणाऱ्या निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची, कल्पना, आणि त्यावर आपलं वेगळं काम उभं केलं. त्यांच्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात एकाच घरात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊन गुण्यागोविंदाने राहतील असं कुटुंब आहे. ते पुस्तक १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर आलं. मला वाटतं, मिशन शाळेचं सर्वांत मोठं फळ बाप्तिस्म्यांच्या नोंदवहीत सापडत नाही. ते पुण्याच्या भिडे वाड्यात, फुल्यांच्या मुलींच्या शाळेत, १८४८ साली दिसलं.

दुष्काळात भाकरीसाठी लोक ख्रिस्ती झाले, हाही आरोप असतो. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात आणि पुढे शतकाच्या शेवटी नगर भागातली कितीतरी महार-मांग कुटुंबं मंडळीत आली. भूक हे एक कारण होतंच. पण ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांनी मुलाला शाळेत बसवण्यासाठी, पंगतीत बसण्यासाठी, नावाने हाक मारून घेण्यासाठी धर्म बदलला, तर त्यात कमीपणा कुणाचा? माझे पूर्वज त्यांतलेच. त्यांना भाकरीला विकले गेलेले म्हणणाऱ्याने त्यांच्या मनाचा विचारच केलेला नसतो.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातही धर्मांतरं झालीच की?

झाली. म्हणूनच १८९३ साली पुण्यात एवढा गदारोळ झाला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करा म्हणून आग्रह धरला. इंग्लंड, अमेरिका करून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या पुढच्या सगळ्या कामात त्यांचा वाटा होता. या संस्थेत धर्माची सक्ती नव्हती. मात्र रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून तिथे येऊन बसत. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांना हे निधर्मी संस्थेच्या वचनाविरुद्ध वाटलं. त्यांनी राजीनामे दिले, केसरीने कडाडून टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंना काही खरं होतं, असं मला वाटतं. ज्या समाजसुधारकांनी रमाबाईंवर विश्वास टाकला त्यांची काळजी रास्त होती. विधवा मुली पूर्णपणे आश्रयावर अवलंबून होत्या, आणि आश्रय देणाऱ्याचा धर्म आश्रिताला ओढतोच, कुणी बळ लावलं नाही तरी. हे भान प्रत्येक ख्रिस्ती वसतिगृहाने आजही ठेवलं पाहिजे. पण त्या मुलींनी डोकं भादरून, एक वेळ जेवून, अंधाऱ्या खोलीत आयुष्य काढलं असतं तर ज्यांनी अग्रलेख लिहिले नसते, त्यांना त्या प्रार्थनेला बसल्यावर मात्र त्यांची काळजी वाटू लागली, हेही विसरता येत नाही. बाईला स्वतःचं मन आहे आणि ती ते बदलू शकते, ही गोष्ट त्या काळाला सहन होत नव्हती.

रमाबाईंना सरकारधार्जिणी म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद: १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वृत्तपत्रातून उघड टीका केली. ख्रिस्ती राज्यकर्त्यांना त्यांनी सूट दिली नाही.

मग धर्मांतराबद्दल तुमची भूमिका काय?

माणसाला आपला धर्म बदलण्याचा, सोडण्याचा, कुठलाच न मानण्याचा पूर्ण हक्क आहे. संविधानाच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे वैध ठरवताना म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मला या निकालातलं एक तत्त्व मान्य आहे: दुसऱ्याच्या विवेकावर माझा हक्क नाही. पण त्याच्या आधाराने प्रौढ माणसाला धर्म बदलण्याआधी अधिकाऱ्याकडे अर्ज करायला लावणं हे त्याच माणसाच्या विवेकावर सरकारने हात ठेवणं आहे.

आमच्या बाजूने आम्ही काय टाळावं? आजारी माणसाला बरं करण्याचं आश्वासन देऊन बाप्तिस्मा देऊ नये. शाळेच्या प्रवेशाशी, नोकरीशी, औषधाशी तो जोडू नये. दुसऱ्यांच्या देवांची टवाळी करू नये. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशूने आपल्या मताचा एक माणूस मिळवण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्यांना फार कठोर शब्दांत सुनावलं आहे. ते वचन आमच्या सुवार्ता सभांत क्वचितच वाचलं जातं.

आणि घरच्यांना विसरू नये. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना न सांगता. त्या बाईवर काय कोसळलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. टिळकांविषयी मला अपार आदर आहे, पण हे त्यांनी नीट केलं नाही. लक्ष्मीबाई नंतर आपल्या गतीने, आपल्या मनाने १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मध्यंतरीच्या काळात जातीचं सोवळं त्यांनी स्वतः विचार करून सोडलं. मला टिळकांच्या धर्मांतरापेक्षा लक्ष्मीबाईंचं धर्मांतर जास्त शिकवून जातं.

आज कॉन्व्हेंट शाळांत श्रीमंतांचीच मुलं दिसतात. गरीब कुठे आहेत?

बोचरा प्रश्न आहे, आणि बोचायलाच हवा.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. कलम ३०ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, त्याचं हे संरक्षण. तो हक्क मोलाचा आहे, त्याला धक्का लागू नये. पण कायद्याने सूट दिली म्हणून सुवार्तेनेही सूट दिली असं होत नाही.

आमच्या मोठ्या शहरी शाळांनी या सुटीमागे लपून राहणं मला चुकीचं वाटतं. ज्या परंपरेचा पहिला वर्ग कुणी शिकवायला तयार नव्हतं त्या मुलांचा होता, तिच्या शाळांबाहेर आज प्रवेशासाठी मोटारींची रांग लागते आणि शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतलं मूल महापालिकेच्या गळक्या वर्गात बसतं. कुठल्याही कायद्याची वाट न पाहता या शाळांनी चौथा हिस्सा जागा शेजारच्या वस्तीसाठी ठेवाव्यात. फी माफ करून भागत नाही. गणवेश, पुस्तकं, सहलीचे पैसे, इंग्रजीचा वेगळा तास, आणि वर्गात त्या मुलाला वेगळं पाडलं जाणार नाही याची शिक्षकांना तयारी, हे सगळं त्यात आलं. अल्पसंख्याक दर्जा टिकवायचा तर ख्रिस्ती गरीब आहेतच. त्यांच्यापासून सुरुवात करा, मग इतरांकडे या. पैसा नाही हे कारण प्रत्येक ठिकाणी खरं नसतं. सभागृहाच्या नूतनीकरणाला निधी मिळतो, तिथे तो याही कामाला मिळू शकतो.

काही शाळा हे करतात. आदिवासी तालुक्यांतल्या सिस्टरांच्या वसतिशाळा, मिशनच्या जुन्या मराठी माध्यमाच्या शाळा, तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या. त्यांचं नाव कुणी घेत नाही. मराठी माध्यमाच्या मिशन शाळा एकामागून एक बंद पडताहेत किंवा इंग्रजीकडे वळताहेत, आणि चर्चच्या सभांत त्याची चर्चा जागेच्या किमतीच्या अंगाने होते. ज्यांनी मराठीत पहिली पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांत हातभार लावला, त्यांच्या वारसांना हे शोभत नाही.

शाळेत येशूची प्रार्थना सगळ्यांना म्हणायला लावावी का?

नाही. कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. कायदा नसता तरी माझं उत्तर तेच असतं. परिपाठात सर्वांना म्हणता येईल अशी प्रार्थना, संविधानाची उद्देशिका, संतांचे अभंग, कधी स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र अर्थ सांगून, हे मला पुरेसं वाटतं. आणि हाच न्याय उलट बाजूनेही हवा. सरकारी शाळेत ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध मुलांना एकाच धर्माचे विधी करायला लावले जातात, तेव्हा आमची तक्रार खरी ठरते ती आमच्या शाळांत आम्ही तसं करत नसलो तरच.

चर्चमध्ये जातिभेद नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

गलतीकरांस पत्रात लिहिलं आहे की ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेदच नाही. चर्चमध्ये जातिभेद नाही हे खोटं आहे. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्तजनांची लग्नं बहुतेक आपापल्यातच होत आली. आमच्या नगर भागात मूळ महार आणि मूळ मांग कुटुंबांत सोयरिकी जुळवताना आजही कुजबुज होते. आपण मूळचे ब्राह्मण ख्रिस्ती असं अभिमानाने सांगणारी घराणी आहेत. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेब आंबेडकरांनी सविस्तर लिहिलं. जात मोडण्याची जबाबदारी चर्चने गांभीर्याने घेतली नाही, ही त्यांची टीका मला आजही लागू वाटते.

बाहेरून होणारा अन्याय वेगळा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढायला सांगितलं, ते अमलात आलं नाही. परिणाम असा की कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी आईबापांना श्रद्धा लपवावी लागते. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्या पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, मला राग येतो. पण सरकारपुढे मोर्चा नेताना आपल्या मंडळीतली जात आधी मोडली तर त्या मोर्चाला बळ येईल. वर्षानुवर्षं नेतृत्व, मालमत्ता आणि संस्थांची पदं ठरावीक घराण्यांत राहिली, तर मागणीत जोर कुठून येणार?

स्त्रियांनी पाळक व्हावं का?

व्हावं, आणि होताहेत. १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली ई. पुष्पललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. कॅथलिक चर्चने दार अजून उघडलेलं नाही. पुनरुत्थानाची पहिली बातमी मग्दालीया मरियेने आणली, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी तिला वेदीपासून दूर ठेवायचं कारण मला अजून समजलेलं नाही. बाकी मराठी मंडळ्यांत बायबल शिकवणं, आजाऱ्यांना भेटणं, वर्गणी गोळा करणं हे सगळं बायकाच करतात.

समलिंगी माणसांबद्दल काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने त्यांच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. चर्चने मनातला पुसलेला नाही. २०२३च्या डिसेंबरात व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विधीबाहेर आशीर्वाद देण्याची मुभा दिली, त्यावर जगभर वाद झाला. माझं मत असं की ज्यांनी एकमेकांची काळजी घ्यायचं ठरवलं आहे त्यांना देवाच्या घरात जागा हवी. माझ्या मंडळीत बहुसंख्यांना हे मान्य नाही. तरी एवढं तरी सगळ्यांनी मानावं, की कुठल्याही मुलाला प्रार्थनेने सुधारण्याच्या नावाखाली छळू नये. अशा मुलांचे आईबाप चर्चमध्ये गप्प बसलेले मी पाहिले आहेत.

चर्चने राजकारणात पडावं का?

पक्षाचं काम करू नये, मतांचे आदेश देऊ नयेत. पण अन्याय दिसताना गप्प बसणं हेही राजकारणच असतं.

मराठी ख्रिस्ती लोकांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढलं ते अलीकडे. माझगावचे काका बॅप्टिस्टा लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, गिरणी कामगारांचे कैवारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. संविधान सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याक उपसमितीचे प्रमुखही. कायदेमंडळातल्या राखीव जागांवर ख्रिस्ती नेत्यांनी अडून बसण्याचं नाकारलं. आमच्या सुरक्षिततेची हमी बहुसंख्याकांच्या सद्भावनेवर आणि सर्वांच्या समान हक्कांवर सोपवली. त्या निर्णयाचा मला अभिमान वाटतो, आणि तो आज आमच्यावर एक जबाबदारी टाकतो. चर्चवर हल्ला झाला की आम्ही निवेदन देतो. झुंडीने मुसलमानाला मारलं, दलित वस्ती जाळली, आदिवासींची जमीन गेली, तेव्हा आमचं निवेदन कुठे असतं? महाराष्ट्रात आम्ही लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का. फक्त स्वतःसाठी बोलणाऱ्या एक टक्क्याचं कोण ऐकणार, आणि का ऐकावं?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे करून दाखवलं. वसईत जमीनमाफिया आणि बेसुमार बांधकामाविरुद्ध हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं त्यात ते अग्रभागी होते, आणि ते आंदोलन विहिरी, वाड्या, पाणी वाचवण्यासाठी होतं. त्यात ख्रिस्ती-बिगरख्रिस्ती असा भेद नव्हता. सुवार्ता मासिकाचं संपादन त्यांनी १९८३ ते २००७ केलं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. २०२४च्या जुलैत ते गेले. त्यांच्यासारखं बोलणारा आज कोण, असं लोक विचारतात. झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करणारे फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२०मध्ये अटकेत गेले आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधीच, मुंबईच्या इस्पितळात वारले. वयाच्या ऐंशीपलीकडे, कंपवाताने हात थरथरणारा माणूस. आमच्या काही मंडळ्यांत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, पुष्कळांत भीतीने झाली नाही.

सेवा आणि धर्मप्रसार वेगळे ठेवता येतात का?

जामखेडला जाऊन पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरला शिकलेल्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायका, त्यांतल्या कितीतरी दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. बाळंतपण, पोषण, कुष्ठरोग, पाणी यांचं ज्ञान त्यांनी घराघरांत नेलं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातात बाळंतिणीचा जीव सोपवला जाऊ लागला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि कुणाच्या पदरात बांधलीही नाही. माझ्या दृष्टीने पुरोगामी ख्रिस्ती सार्वजनिक जीवनाचं यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्या राज्यात नाही.

तारण, म्हणजे मुक्ती, फक्त ख्रिस्ती लोकांनाच मिळते का?

नगरचे अमेरिकन मिशनरी रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना म्हणाले की ज्यांनी ख्रिस्ताविषयी कधी ऐकलंच नाही, त्यांना देव मरणानंतरही संधी देईल अशी आशा ठेवता येते. त्यावरून त्यांना परत पाठवायचं की नाही असा वाद त्यांच्या मिशन बोर्डात उभा राहिला. शेवटी ते नगरला परतले. हिंदू शेजाऱ्यांत वर्षं काढलेल्या माणसाला ते सगळे नरकात जाणार असं म्हणवेना, हे मला फार समजण्यासारखं वाटतं. कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण नाकारत नाही असं जाहीर केलं.

देवाची दया कुठवर पोचते ते मी ठरवणारा कोण? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशी विचारलं जातं ते भुकेल्याला जेवू घातलं का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. तरी उपासनेला येऊ शकतो का?

जरूर या. बहुतेक मराठी मंडळ्यांत रविवारी सकाळी उपासना असते, वेळ बाहेर फळ्यावर लिहिलेली असते. मागच्या बाकावर बसलात तरी चालतं, कुणी काही विचारणार नाही. गीतपुस्तक शेजारचा माणूस देईल, त्यात टिळकांची भजनं सापडतील. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असेल त्या दिवशी ते बाप्तिस्मा घेतलेल्यांना दिलं जातं, तेव्हा जागेवर बसून राहावं, त्यात काही अवघडण्यासारखं नाही. दानाची पिशवी फिरते, त्यात टाकलंच पाहिजे असं नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार सुरू केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. उपासनेनंतर चहा असतो. पाळकांना प्रश्न विचारायचे असतील तर तेव्हा विचारा.